डोकं वर, नजर समोर

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



गेल्या रमजान ईदच्या रात्री अमेरिकेतून माझ्या भाचीचा फोन आला. ईद मुबारक झालं, शीरखुर्म्याची चौकशी झाली आणि मग ती एकदम गप्प झाली. थोड्या वेळानं म्हणाली, "मामू, पोराला जरा समजवा ना. तुमचं ऐकतो तो."

पोरगा सतरा वर्षांचा. न्यू जर्सीत वाढलेला. शाळेच्या संघातून तिथला फुटबॉल खेळतो आणि आता कॉलेजातही खेळायचं म्हणतो. मी म्हटलं, खेळू दे की, त्यात समजवायचं काय? तेव्हा तिनं सांगितलं. मागच्या हंगामात एका सामन्यात त्यानं समोरच्या मुलाला असा काही धडकून पाडला, की तो मुलगा दहा मिनिटं उठलाच नाही. शेवटी त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. पुढे तो बरा झाला. पण भाचीच्या डोळ्यांसमोरून ते दृश्य जाईना. ती म्हणाली, "मामू, प्रत्येक आईला वाटतं, आपल्या पोराला लागेल. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, माझ्या पोरामुळे दुसऱ्या कुणाचं पोर..." वाक्य तिनं पुरं केलं नाही.

मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी.ए.पर्यंत. अमेरिकन फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण तरुणपणी कबड्डी खेळलो आहे आणि तिच्या त्या अर्ध्या वाक्यानं माझी झोप उडाली, त्याला एक कारण आहे. ते शेवटी सांगतो. आधी, गेल्या काही महिन्यांत या खेळाबद्दल जे वाचलं, पाहिलं आणि त्या पोराकडून समजून घेतलं, ते तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट म्हणजे, नाव फुटबॉल असलं तरी या खेळात पायाचा संबंध थोडाच. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. मैदान शंभर यार्डांचं, दोन्ही बाजूंना अकरा अकरा खेळाडू. ज्या संघाकडे चेंडू, त्यानं चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकला तर पुन्हा चार प्रयत्न. समोरच्या संघाचं मुख्य काम चेंडूवाल्याला गाठून जमिनीवर पाडण्याचं. या पाडण्याला टॅकल म्हणतात. आपल्या कबड्डीतल्या पकडीचा हा दांडगा भाऊ समजा. फरक इतकाच, की कबड्डीत चढाई करणारा हाताच्या अंतरावर असतो. इथं कधी कधी दोघं वीस वीस यार्डांवरून धावत येतात आणि एकमेकांवर आदळतात. त्यातला एकेक गडी शंभर किलोचा असू शकतो.

दुसरी गोष्ट, तिथला कॉलेजचा फुटबॉल म्हणजे आपल्याकडची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा नव्हे. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एक लाख सात हजारांहून जास्त लोक बसतात. आपल्या वानखेडेच्या तिपटीहून अधिक. हंगामातला शनिवार म्हणजे गावोगावी जत्रा. आणि या लाखभर लोकांपुढे खेळणारी बहुतेक मुलं अठरा ते बावीस-तेवीस वर्षांची. त्यांतली शंभरातली दोनही पुढे व्यावसायिक संघात पोचत नाहीत. म्हणजे बाकीच्यांना याच डोक्यानं, याच मानेनं पुढची पन्नास वर्षं दुसरं काहीतरी काम करून जगायचं असतं.

हा खेळ किती जिवावर बेतणारा आहे, हा प्रश्न आजचा नाही. १८९२ साली हार्वर्डच्या संघानं येलविरुद्ध एक नवी युक्ती काढली. खेळाडूंनी बाणाच्या टोकासारखी रचना करायची, चेंडूवाल्याला आत घ्यायचं आणि सगळ्यांनी मिळून धावत जाऊन समोरच्या एकाच जागेवर घाव घालायचा. तिला 'उडती पाचर' असं नाव पडलं. लाकूड फोडताना पाचर काय करते, ते आपल्याला ठाऊक आहे. १८९४ मध्ये तिच्यावर बंदी आली, पण घोळक्यानं तुटून पडण्याची पद्धत काही गेली नाही. १९०५ च्या हंगामात अमेरिकेत फुटबॉल खेळताना अठरा-एकोणीस जण दगावल्याचं तेव्हाच्या वर्तमानपत्रांनी छापलं. कोलंबिया विद्यापीठानं खेळ बंदच करून टाकला.

त्या वेळी राष्ट्राध्यक्ष होते थिओडोर रूझवेल्ट. ते स्वतः या खेळाचे चाहते आणि त्यांचा मुलगा हार्वर्डमध्ये पहिल्या वर्षाच्या संघातून खेळत होता. त्यांनी ९ ऑक्टोबर १९०५ रोजी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन या तिन्ही विद्यापीठांच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावलं आणि खेळ सुधारण्याविषयी सांगितलं. पुढच्याच वर्षी नियम बदलले. चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली, त्यामुळे गर्दी पांगली. पाचऐवजी दहा यार्डांची अट आली. आणि या सगळ्या खटपटीतून १९०६ मध्ये जी संस्था उभी राहिली, तीच १९१० पासून एनसीएए या नावानं ओळखली जाते. अमेरिकेतल्या मोठ्या कॉलेज संघांचा कारभार आणि खेळाचे नियम तिच्याकडे आहेत. थोडक्यात, पोरं मरत होती म्हणून ही संस्था जन्माला आली.

यानंतर हेल्मेट आलं. आधी चामड्याचं आणि ऐच्छिक. १९३९ मध्ये कॉलेजच्या खेळाडूंना ते सक्तीचं झालं. त्याच सुमारास टणक प्लास्टिकची हेल्मेटं निघाली आणि १९५० च्या दशकात तोंडापुढे जाळी आली. आता माणूस सुरक्षित झाला, असं आपल्याला वाटेल. झालं उलटंच. डोकं झाकलं गेल्यावर डोक्याची भीती गेली. नाक फुटण्याची धास्ती होती तोवर खेळाडू खांदा पुढे करत होता. आता तो डोकंच पुढे घालू लागला. हेल्मेट ही ढाल होती, तिचा हातोडा झाला. प्रशिक्षकही तसंच शिकवू लागले. १९६८ च्या एका वर्षात सर्व पातळ्यांवरच्या फुटबॉलमध्ये थेट खेळातल्या इजांमुळे ३६ मृत्यू झाले.

यात मानेचं काय होतं, हे जोसेफ टॉर्ग या डॉक्टरांनी दाखवून दिलं. आपली मान सरळ नसते, तिला मागच्या बाजूला किंचित बाक असतो. हा बाक गाडीच्या स्प्रिंगसारखा धक्का पचवतो. पण डोकं खाली घातलं, की हा बाक नाहीसा होतो आणि मणके एकावर एक सरळ उभे राहतात. अशा वेळी टाळूवर आघात झाला, तर पुढे डोकं थांबलेलं, मागून अख्खं धड येतंय आणि मधे मान. ती चेपली जाते, मणका मोडतो आणि माणूस मानेपासून खाली लुळा पडतो. १९७६ मध्ये डोकं पुढे घालून धडकण्यावर कॉलेज आणि शाळा दोन्हीकडे बंदी आली. त्या वर्षी शाळा-कॉलेजच्या फुटबॉलमध्ये हातपाय कायमचे गेल्याची ३४ प्रकरणं होती. १९८४ मध्ये ती ५ वर आली. हेल्मेटांसाठीही त्याच काळात ठरावीक दर्जा सक्तीचा झाला. १९९० साली तर अशी थेट इजा होऊन एकही खेळाडू मेला नाही.

नियमानं माणूस वाचतो, याचा इतका स्वच्छ पुरावा मला दुसरीकडे क्वचितच दिसला. तरी पुढची तीस वर्षं हा नियम पुस्तकात राहिला आणि मैदानावर त्याची शिट्टी अगदी कमी वाजली. कारण लोकांना तेच हवं होतं. २००० च्या दशकात अमेरिकी टीव्हीवर व्यावसायिक सामन्यांमधल्या जबर धडकांचा खास तुकडा दाखवला जायचा आणि निवेदक मोठमोठ्यानं हसत ओरडायचे.

त्यांना नावं ठेवण्याआधी मी माझंही सांगतो. १ जानेवारी २०१३ रोजी साउथ कॅरोलिना आणि मिशिगन यांच्यात सामना झाला. त्यात जेडेव्हियन क्लाउनी नावाच्या खेळाडूनं मिशिगनच्या व्हिन्सेंट स्मिथला चेंडू हातात येताक्षणीच धडक दिली. स्मिथचं हेल्मेट उडून मागे पडलं, चेंडू निसटला आणि क्लाउनीनं तो एका हातानं उचलला. भाचीच्या पोरानं मला हे चित्रण पाठवलं. मी ते पाहिलं आणि माझ्या तोंडून "वाह!" निघालं. मुशायऱ्यात चांगल्या शेराला निघावं तसं. मग दुसऱ्यांदा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं. चौथ्या वेळी माझं लक्ष चेंडूवर नव्हतं, त्या उडालेल्या हेल्मेटवर होतं. ती धडक नियमात बसणारी होती, स्मिथही उठला. पण दाद देताना मी त्या माणसाला विसरलो होतो, हे खरं.

त्याच वर्षीच्या हंगामापासून कॉलेज फुटबॉलमध्ये मोठा बदल झाला. 'टार्गेटिंग' नावाचा अपराध आधीपासून होता. २००८ मध्ये त्याची व्याख्या कडक झाली होती, पण शिक्षा १५ यार्डांचीच होती. २०१३ पासून त्याला खेळाडूची हकालपट्टी जोडली गेली. या नियमाचे दोन भाग आहेत. हेल्मेटच्या टाळूकडच्या भागानं कुणालाही जोरकस धडक द्यायची नाही, हा पहिला. ज्याला त्या क्षणी स्वतःचा बचाव करता येत नाही, त्याच्या डोक्यावर किंवा मानेवर कशानंच आघात करायचा नाही, हा दुसरा. मग तो खांदा असो, कोपर असो की हात. बचाव करता येत नाही असा कोण? तर ज्यानं नुकताच चेंडू फेकलाय, जो हवेत चेंडू झेलतोय, जो आधीच खाली पडलाय. पंच काही खुणा बघतात. जमीन सोडून वर झेप घेतली का? दबा धरून खालून वर उसळी मारली का? डोकं खाली घातलं का?

अपराध सिद्ध झाला की संघ १५ यार्ड मागे आणि खेळाडू बाहेर. सामन्याच्या उत्तरार्धात अपराध घडला, तर पुढच्या सामन्याच्या पूर्वार्धातही त्यानं बसायचं, असं त्या वर्षी ठरलं. बाराएक सामन्यांच्या हंगामात ही शिक्षा लहान नव्हे. प्रत्येक निर्णय पंच चित्रफितीवर तपासतात. पहिल्या वर्षी तर असा विनोद झाला, की चित्रफितीत खेळाडू निर्दोष ठरला तरी संघाचा १५ यार्डांचा दंड कायम राहायचा. २०१४ मध्ये ती चूक दुरुस्त केली. २०१९ मध्ये ठरलं, की चित्रफितीत सगळ्या खुणा पक्क्या दिसल्या तरच शिक्षा, शंका असेल तर नाही. पण एकाच हंगामात तीनदा सापडला, तर पुढचा अख्खा सामना बंद. २०२० पासून बाहेर काढलेल्या खेळाडूला अंधाऱ्या बोगद्यातून एकट्यानं ड्रेसिंग रूमकडे जावं लागत नाही, तो आपल्या संघाजवळ बसू शकतो. मला हा बदल फार आवडला. चूक केलेल्या विसाव्या वर्षाच्या मुलाला लाखभर लोकांसमोर गुन्हेगारासारखं चालवत नेण्यानं खेळ सुरक्षित होत नाही.

आता एक गोष्ट लक्षात घ्या, जी मला उशिरा कळली. आपल्याला वाटतं, हा नियम मार खाणाऱ्यासाठी आहे. तो मारणाऱ्यासाठीही तितकाच आहे.

१६ ऑक्टोबर २०१० रोजी न्यू जर्सीत रटगर्स विद्यापीठाचा सामना आर्मीशी होता. रटगर्सचा एरिक लग्रँड हा वीस वर्षांचा, धिप्पाड मुलगा. किकऑफनंतर चेंडू घेऊन धावणाऱ्याला पाडण्यासाठी तो पूर्ण वेगानं आला, शेवटच्या क्षणी त्याचं डोकं खाली गेलं आणि धडक बसली. चेंडूवाल्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं. एरिकच्या मानेचे मणके मोडले. त्यानं कुणाला अन्यायानं मारलं नव्हतं. टॅकल करणारा तोच होता आणि मानेखाली लुळा तोच झाला. पुढे चाकाच्या खुर्चीवरून त्यानं शिक्षण पुरं केलं, आपल्यासारख्या रुग्णांसाठी पैसा उभा केला. रटगर्सनं २०१३ मध्ये त्याचा ५२ क्रमांक कायमचा राखून ठेवला. माझ्या भाचीचं घर या विद्यापीठापासून फार लांब नाही. तिथं हे नाव सगळ्यांना माहीत आहे.

एरिकला इजा झाली, तो किकऑफचा प्रकार होता. म्हणजे एक संघ चेंडू लांब लाथाडतो आणि मग दोन्हीकडचे खेळाडू समोरासमोरून धावत येतात. सर्वांत जास्त वेग इथंच. म्हणून नियमांचा रोख किकऑफकडेही वळला. २०१० मध्ये तीन किंवा जास्त खेळाडूंनी खांद्याला खांदा लावून केलेल्या पाचरीवर बंदी आली. म्हणजे १८९२ ची पाचर एकशे अठरा वर्षांनी पुन्हा काढावी लागली. २०१२ मध्ये किकऑफ पाच यार्ड पुढून मारायचं ठरलं, म्हणजे चेंडू जास्त वेळा मैदानाच्या टोकापार जाईल आणि परतीची धाव होणारच नाही. हार्वर्ड, येल, डार्टमथ वगैरे आठ जुन्या विद्यापीठांच्या आयव्ही लीगनं २०१६ मध्ये तो आणखी पाच यार्ड पुढे आणला. त्यांच्याकडे २०१५ मध्ये किकऑफ हा एकूण खेळाचा ६ टक्केच भाग होता, पण मेंदूला हादरा बसण्याचे २१ टक्के प्रकार त्यात घडले होते. पाच यार्डांच्या या बदलानं हजार किकऑफमागे जवळपास अकरा हादरे होते, ते दोनवर आले. कुणाला ओरडावं लागलं नाही, बाहेर काढावं लागलं नाही. फक्त चुन्याची रेघ पुढे सरकली.

आता मेंदूविषयी. हेल्मेट कवटी वाचवतं. कवटीच्या आत मेंदू मऊ असतो, पाण्यासारख्या द्रवात असतो. डोकं एकदम थांबलं, की तो आत हिंदकळतो. डबा कितीही मजबूत असला, तरी हिसका बसल्यावर आतलं दही मोडतंच. २००२ मध्ये पिट्सबर्गमध्ये डॉ. बेनेट ओमालू यांनी माइक वेबस्टर या नामांकित खेळाडूचं शवविच्छेदन केलं. ओमालू मूळचे नायजेरियाचे. त्यांना त्या मेंदूत जो आजार दिसला, त्याला सीटीई म्हणतात. स्मरण जातं, स्वभाव बदलतो, माणूस खचतो. पक्कं निदान मृत्यूनंतरच होतं. २०१७ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी दान मिळालेले मेंदू तपासले. व्यावसायिक खेळाडूंच्या १११ पैकी ११० मेंदूंमध्ये आणि कॉलेजपर्यंतच खेळलेल्यांच्या ५३ पैकी ४८ मेंदूंमध्ये त्यांना सीटीई आढळला. हे आकडे ऐकून घाबरून जाऊ नका. ज्यांच्या घरच्यांना शंका होती, त्यांचेच मेंदू प्रामुख्यानं दान झाले होते, त्यामुळे सगळ्याच खेळाडूंना हे प्रमाण लावता येत नाही. पण ते दुर्लक्ष करण्यासारखेही नाहीत.

यातली खरी मेख पुढे आहे. वेबस्टर हा धावत येऊन धडका देणारा खेळाडू नव्हता. तो मधल्या रांगेत वाकून उभा राहणारा, दर वेळी समोरच्याला ढकलणारा. त्याच्या वाट्याला टीव्हीवर दाखवण्यासारखी धडक क्वचितच आली असेल. पण लहान लहान धक्के हजारो आले. २०२३ च्या एका अभ्यासातही हेच दिसलं, की किती वेळा भोवळ आली यापेक्षा वर्षानुवर्षं डोक्यानं एकूण किती आघात सोसले, त्यावर हा आजार जास्त अवलंबून असतो. म्हणजे टार्गेटिंगचा नियम डोळ्यांना दिसणारा घाव रोखतो, न दिसणारे धक्के चालूच राहतात.

ते रोखायचे, तर सामन्याआधी सरावाकडे बघावं लागतं. डार्टमथचे प्रशिक्षक बडी टीव्हन्स यांनी २०१० मध्ये आपल्या खेळाडूंना सरावात एकमेकांना टॅकल करायलाच मनाई केली. लोक हसले. टीव्हन्स यांची मुलं गाद्यांवर आणि बाहुल्यांवर सराव करत राहिली. पुढे त्याच विद्यापीठात दुरून चालवता येणारी, मैदानभर पळणारी यांत्रिक बाहुली तयार झाली. २०१५ मध्ये डार्टमथनं आयव्ही लीगचं विजेतेपद संयुक्तपणे मिळवलं आणि २०१६ मध्ये सगळ्या आयव्ही लीगनं हंगामातल्या सरावातून पूर्ण जोराचं टॅकलिंग काढून टाकलं. एनसीएएनंही २०२१ मध्ये हंगामापूर्वीच्या धडकाधडकीच्या सरावाला मर्यादा घातल्या. दोघांना समोरासमोर उभं करून एकमेकांवर सोडायचे जुने सराव बंद केले. मेंदूला हादरा बसलेल्या खेळाडूनं त्याच दिवशी परत मैदानात उतरायचं नाही, हे तर २०१० मध्येच ठरलं होतं.

पाडण्याची रीतही बदलली आहे. रग्बीत हेल्मेट नसतं, त्यामुळे तिथला खेळाडू स्वतःचं डोकं आपोआप बाजूला ठेवतो. खांदा समोरच्याच्या मांडीला लावायचा, दोन्ही हातांनी पाय आवळायचे आणि गिरकी घेऊन पाडायचं. सिअ‍ॅटलच्या व्यावसायिक संघानं २०१४ मध्ये याची चित्रफीत काढली. ओहायो स्टेट विद्यापीठानं ही पद्धत उचलली आणि त्याच हंगामात ते राष्ट्रीय विजेते झाले.

हे सगळं सुरळीत चाललंय, असं मात्र नाही. खेळाडूंची तक्रार अशी, की आम्ही छातीचा नेम धरतो आणि शेवटच्या निमिषात चेंडूवालाच खाली वाकतो. डोकं डोक्याला लागतं आणि बाहेर आम्ही जातो. ही तक्रार खोटी नाही. काही जण म्हणतात, डोकं वाचवायच्या नादात धडका गुडघ्यांवर येऊ लागल्या. जाणूनबुजून मारणारा आणि नेम चुकलेला यांना एकच शिक्षा नको, दोन पायऱ्या करा, असं अनेक प्रशिक्षकांचं म्हणणं आहे. पंचांचंही एकमत होत नाही. १ जानेवारी २०२५ रोजी टेक्सस आणि अ‍ॅरिझोना स्टेट यांच्यात राष्ट्रीय स्पर्धेचा उपउपांत्य सामना होता. २४-२४ अशी बरोबरी आणि मिनिटभराचा खेळ बाकी. टेक्ससच्या खेळाडूनं चेंडू झेलणाऱ्याला हेल्मेटला हेल्मेट भिडवून पाडलं. पंचांनी चित्रफीत पाहिली आणि टार्गेटिंग नाही असं ठरवलं. टेक्सस जादा वेळेत ३९-३१ असा जिंकला. लाखो लोकांनी तीच चित्रफीत पाहिली आणि घराघरांत वाद झाला. शब्दांत नेमका वाटणारा नियम धावत्या माणसाला लावताना किती अवघड होतो, ते तिथं दिसलं.

कोर्टातही प्रश्न पूर्ण सुटलेला नाही. २०१९ मध्ये एनसीएएच्या एका तडजोडीला कोर्टानं मान्यता दिली. त्यात माजी खेळाडूंच्या वैद्यकीय तपासण्यांसाठी ७ कोटी डॉलर ठेवले गेले. २०२२ मध्ये मात्र एका माजी कॉलेज खेळाडूच्या पत्नीनं नवऱ्याच्या मृत्यूबद्दल लावलेल्या दाव्यात लॉस एंजेलिसच्या ज्यूरीनं एनसीएएला जबाबदार धरलं नाही.

आता, नियमांनी खेळातली मजा गेली असं म्हणणाऱ्यांसाठी एक शब्द. मी गझल लिहितो. वृत्त, काफिया, रदीफ यांनी हात बांधले जातात, अशी कुरकुर मीही सुरुवातीला करत होतो. पुढे कळलं, की बंधनात राहून म्हणता येतं तेच आपलं कसब. समोरच्याला इजा न करता पाडायला ताकद कमी लागत असेल, कसब जास्त लागतं.

आणि आता ते राहिलेलं कारण.

आपल्या कबड्डीतही सुरक्षेचा नियम आहे. चढाईपटूचा दम तोडायला त्याचं तोंड दाबायचं नाही, इजा होईल अशी दांडगाई करायची नाही आणि पायांची कैची घालून धरायचं नाही. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. जत्रेतल्या स्पर्धेचा अंतिम सामना, मातीचं मैदान, धुरळा आणि आरडाओरडा. शेवटच्या चढाईला समोरचा गडी निसटून रेषेकडे निघाला आणि मी खाली पडल्या पडल्या त्याच्या पायाला कैची घातली. त्याच्यावर आमचे आणखी दोघे पडले. पंचांना धुरळ्यात दिसलं नाही. आम्ही एका गुणानं जिंकलो. त्याचा गुडघा गेला. पुढच्या महिन्यात तो पोलीस भरतीला उतरणार होता. तो उतरलाच नाही. आता तालुक्याच्या गावी त्याचं शिलाईचं दुकान आहे. इतक्या वर्षांत मी शेकडो वेळा त्या रस्त्यानं गेलो असेन.

हे मी भाचीच्या पोराला फोनवर सांगितलं. वाटलं होतं, तो गप्प होईल आणि खेळ सोडेल. त्यानं उलट मलाच विचारलं, "नाना, तुम्ही त्यांना कधी सॉरी म्हणालात?" मग म्हणाला, "मी त्या मुलाच्या घरी जाऊन आलो. अम्मीला सांगितलं नाही."

मी दुसऱ्या आठवड्यात त्या दुकानात गेलो. त्यानं मशीन थांबवलं, मला बसायला स्टूल दिलं, चहा मागवला. मी विषय काढला तेव्हा तो म्हणाला, "कैची होती ती, मला माहीत होतं. तुला माहीत होतं का, एवढंच इतकी वर्षं कळत नव्हतं." मी म्हटलं, "माहीत होतं." तो बराच वेळ काही बोलला नाही. मग चहा आला.

भाचीनं अखेर पोराला होकार दिला आहे, काही अटींवर. डोक्याला हादरा बसला तर लपवायचं नाही, त्याच दिवशी परत उतरायचं नाही आणि सरावात जिथं पूर्ण जोराच्या धडका शिकवतात असं कॉलेज निवडायचं नाही. त्याचा प्रशिक्षक मुलांना सारखं एक वाक्य सांगतो, ते त्यानं मला मराठीत करून मागितलं. मी लिहून पाठवलं, "ज्याला भिडणार, त्याच्याकडे बघ." डोकं वर असलं तरच बघता येतं, आणि डोकं वर असलं की मानही वाचते. भिंतीवर लावलंय म्हणे त्यानं.